एका शांततेचा पंचनामा

“चहा पाणचट झालाय,” भिंगसाहेब म्हणाले आणि उत्तराच्या प्रतीक्षेत त्यांनी वर्तमानपत्राची घडी मोडली.

या वाक्याला त्या घरात एक ठरलेले उत्तर होते. “मग उद्यापासून स्वतः उकळून घ्या, म्हणजे कळेल!” हे त्याचे ध्रुवपद असून, त्यानंतर भिंगसाहेबांच्या आत्यापासून शेजाऱ्यांच्या कुत्र्यापर्यंत अनेकांचा उद्धार करणारी कडवी येत असत. विवाहापासून आजतागायत त्या उत्तरात खंड पडला नव्हता आणि ते कानी पडल्यावाचून सकाळ झाली असे भिंगसाहेबांस वाटत नसे. परंतु त्या दिवशी सौभाग्यवतींनी हातातली बशी खाली ठेवली, डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला, तो सावकाश सोडला, आणि डोळे उघडून पतीकडे, जणू हे गृहस्थ प्रथमच दृष्टीस पडत आहेत अशा कुतूहलाने पाहत त्या म्हणाल्या, “हो.”

“काय हो?”

“पाणचट झालाय.”

एवढे बोलून त्या पुन्हा चहा पिऊ लागल्या. तोही असा, की प्रत्येक घोट गिळण्यापूर्वी त्याची विचारपूस चालली असावी. भिंगसाहेबांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

भिंगसाहेब हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. ते एका विमा कंपनीत सर्व्हेयर होते. कोठे आग लागली, छत कोसळले, गोदामात पाणी शिरले, की नुकसान खरे किती आणि रचलेले किती हे तपासण्यासाठी त्यांना पाठवले जाई. राखेत बोट घालून ते बोट नाकापाशी नेत, मालकाकडे एक तिरका कटाक्ष टाकीत, आणि मालकाचा घसा कोरडा पडे. कचेरीने त्यांना पाठीमागे बहाल केलेली ही पदवी त्यांच्या कानी आली, तेव्हा रागावण्याऐवजी ते दोन दिवस मनातल्या मनात सुखावले होते.

दीर्घ सेवेतून त्यांनी एक सिद्धांत काढला होता. ज्याचे खरोखर जळाले आहे तो मनुष्य कधीही शांत नसतो. तो रडतो, बंबवाल्यांना शिव्या देतो, सर्व्हेयरच्या अंगावर धावून येतो. शांत असतो तो ज्याला आग लागणार हे आधीपासून ठाऊक होते. गाद्यांच्या एका व्यापाऱ्याने गोदाम धुमसत असताना भिंगसाहेबांना बिस्किटे देऊ केली होती, आणि तीही बशीत नीट रचून. त्याच वेळी गल्ल्यामागची भिंत त्यांच्या नजरेस पडली. तेथे वर्षानुवर्षे असलेली कुटुंबाची तसबीर आठवडाभर आधीच घरी पोहोचली होती. अवेळी आलेली शांतता आणि भिंतीवरून नाहीशी झालेली तसबीर: या दोन खुणा एकत्र दिसल्या, की भिंगसाहेब दुसरा पुरावा मागत नसत.

पाणचट चहाचा तो पेला हाती धरून त्यांनी सहज भिंतीकडे पाहिले. त्यांच्या लग्नाचा फोटो जागेवर नव्हता. उरला होता एक खिळा, आणि त्याखाली भोवतालच्या रंगाहून फिकट असा एक स्वच्छ चौकोन.

“फोटो कुठाय?”

सौभाग्यवतींनी आधी श्वास घेतला. “आहे.”

“आहे म्हणजे कुठे आहे?”

“सुरक्षित आहे.”

सुरक्षित! नेमका हाच शब्द गाद्यांच्या व्यापाऱ्यानेही उच्चारला होता. भिंगसाहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि ती एकदा चुकचुकून थांबणाऱ्यांपैकी नव्हती.

त्यांच्या भयाला एक विशेष कारण होते. महिनाअखेरीस ते सेवानिवृत्त होणार होते. जन्मभर ज्या घरी ते केवळ जेवायला आणि झोपायला येत आले, त्या घरी आता पूर्ण वेळ राहायला येण्याचे स्वप्न ते पाहत होते. सकाळी निवांत बसावे, पत्नीशी चार शब्द बोलावेत, स्वयंपाकघराची मांडणी कोठे चुकली आहे हे तिला प्रेमाने समजावून द्यावे, असे त्यांचे साधे मनोरथ होते. आणि आता त्या घरातूनच कोणी हलण्याच्या तयारीत आहे, असे सगळ्या खुणा सांगत होत्या. पत्नी त्यांना सोडून तर जाणार नव्हती? हा प्रश्न मनात येताच त्यांनी वर्तमानपत्र उलटे धरल्याचे त्यांच्या ध्यानात आले, आणि सौभाग्यवतींनी ते पाहूनही टोकले नाही, हेही.

पुढील काही दिवस त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. घरातील प्रत्येक गोष्ट संशयास्पद निघाली. दूरचित्रवाणीवर एक धुतलेली चादर पांघरली गेली. संध्याकाळ झाली, की सौभाग्यवती आपला मोबाइल बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवून वर झाकण लावीत. पूर्वी त्या खांद्याने फोन कानाशी दाबून, एक डोळा मालिकेवर आणि दुसरा कुकरवर ठेवून, वाटाणे सोलता सोलता पतीशी वाद घालीत असत. त्या कौशल्याचा भिंगसाहेबांना गुप्त अभिमान होता. आता त्या मेजापाशी एकट्या बसून शेंग उघडीत, आतला एकेक दाणा बोटांच्या चिमटीत धरून उजेडात निरखीत, आणि मगच भांड्यात टाकीत.

“किडका निघाला का?” दारातून भिंगसाहेबांनी विचारले.

“नाही.”

“मग काय बघतेयस?”

“वाटाणा.”

“वाटाण्यात काय बघायचंय?”

सौभाग्यवतींनी श्वास घेतला. तो श्वास आता भिंगसाहेबांच्या परिचयाचा झाला होता. कोणी फाइल मिटावी, तसा तो असे. “हिरवा आहे,” त्या म्हणाल्या.

आणि रोज संध्याकाळी त्या पिशवी घेऊन बाहेर पडू लागल्या. पूर्वी कोपऱ्यावर दोरा आणायला जातानाही जाण्याचा मार्ग, येण्याची वेळ आणि दुकानदाराचा स्वभाव यांचे सविस्तर निवेदन होत असे. आता नुसते “जरा जाऊन येते.” कोठे, कशाला, कोणाबरोबर, हे भिंगसाहेबांनी एकामागून एक विचारले, आणि उत्तरादाखल दाराची कडी हलकेच लागली. आपटली नाही, हे विशेष.

न राहवून भिंगसाहेबांनी परगावी नोकरी करणाऱ्या लेकीला फोन लावला.

“बाबा, आई अगदी ठीक आहे,” विचारण्यापूर्वीच लेक म्हणाली.

“ती ठीक नाही असं मी कुठे म्हणालो? तुला कोणी सांगितलं मी त्यासाठी फोन करतोय म्हणून?”

“झालं सुरू.”

“काय सुरू झालं?”

“काही नाही हो. ती म्हणते, ताकद राखून ठेवायचीय तिला. उगाच इकडेतिकडे खर्च करायची नाही. तुम्ही तिला काही विचारू नका, बस्.”

“ताकद कशासाठी राखून ठेवायचीय?”

“पुढे लागणार आहे म्हणे.”

“पुढे म्हणजे कधी? कशाला? ती तुझ्याकडे राहायला येणार आहे का?”

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. तसे थांबणे भिंगसाहेब कचेरीच्या फोनवर नेहमी ऐकत असत आणि अहवालात त्याची नोंद करीत.

“माझ्याकडे एक खोली रिकामीच असते, बाबा,” लेक जपून म्हणाली. “कधीही, कुणीही यावं.”

“खोली रिकामी आहे का, हे मी विचारलंच नव्हतं,” भिंगसाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. कुठे पाणी मुरते आहे ते आता कळले होते; भिंत केव्हा बसणार, एवढेच कळायचे राहिले होते.

अशा प्रसंगी मनुष्याला आपली माणसे आठवतात. भिंगसाहेबांना मेहुणा आठवला, यावरून त्यांची अवस्था किती बिकट झाली होती हे ध्यानात यावे. मेहुण्याची लाँड्री होती. तो वाफेच्या इस्त्रीखाली कोणाचा तरी कोट दाबीत उभा होता आणि एका हाताने पाव खात होता.

“ताई? तुम्हाला सोडून?” सर्व वृत्तांत ऐकून मेहुणा खदखदून हसला. “काहीतरीच काय, भाऊजी! जायचं असतं तर ती केव्हाच नसती का गेली?”

“म्हणजे काय?”

“नाही, म्हणजे…” मेहुण्याने पावाचा मोठा घास घेतला. “एवढी वर्षं काढली, आता काय राहिलंय, असं म्हणतोय मी.”

“तुला काही माहीत आहे.”

“मला? मला ताई काही सांगते का कधी? लहानपणी मी तिचं एक गुपित आईला सांगितलं, तेव्हापासून मला ती फक्त हवामान सांगते.”

“तुझी गाडी मोकळी आहे का?”

“कपडे पोचवायचे आहेत.”

“वाटेत पोचवू. आज संध्याकाळी तिच्या मागे जायचं.”

मेहुण्याचा चेहरा इस्त्रीखालच्या कोटासारखा सपाट झाला. “भाऊजी, तिनं बघितलं ना, तर ती तुम्हाला सोडेल की नाही माहीत नाही, पण मला सोडणार नाही.”

तथापि तो आला. कारण भिंगसाहेबांनी अधिक काही न बोलता त्याच्याकडे केवळ पाहिले, आणि त्या नजरेपुढे मोठमोठे गोदाममालक टिकले नव्हते.

संध्याकाळी लाँड्रीची गाडी घरापासून थोड्या अंतरावर, झाडाआड उभी राहिली. पुढे मेहुणा, शेजारी भिंगसाहेब आणि पाठीमागे दांडीला टांगलेले इस्त्रीचे कोट. सौभाग्यवती पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवीतून एका चौकटीचा कोपरा डोकावत होता.

“फोटो!” भिंगसाहेब पुटपुटले. “आज शेवटचं सामान हलवतेय.”

मेहुण्याने गाडी सुरू केली. आणि येथेच त्या योजनेतील पहिला दोष प्रकट झाला. सौभाग्यवती चालत होत्या. परंतु ते चालणे लौकिकातले नव्हते. त्या एक पाऊल उचलीत, ते उचलले गेले आहे याची खात्री करून घेत, पुढे नेत, टेकवीत, टेकले आहे हे अनुभवीत, आणि मग दुसऱ्या पावलाकडे वळत. कोणतेही यंत्र इतक्या मंद गतीने चालावे म्हणून घडवलेले नसते. गाडी चार हात पुढे जाई आणि आचके देऊन थांबे. प्रत्येक आचक्याला मागचे कोट पुढे येऊन दोघांच्या डोक्यांवरून हात फिरवीत. पाठीमागे वाहनांची रांग वाढू लागली. आधी एक भोंगा वाजला, मग चार, मग सगळा रस्ता एका सुरात ओरडू लागला.

“भाऊजी, मी पुढे जाऊन थांबू का?”

“नजरेआड होईल.”

“नजरेआड? ती अजून त्याच खांबापाशी आहे हो!”

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. वाहतूक पोलीस होता.

“गाडी बंद पडली?”

“नाही,” मेहुणा म्हणाला. लपवाछपवी त्याला कधीच साधली नव्हती.

“मग हळू का चालवताय?”

“त्या बाई हळू चालतायत म्हणून.”

पोलिसाने पुढे चाललेल्या सौभाग्यवतींकडे पाहिले, मग गाडीत पाहिले, मग मागच्या कोटांकडे पाहिले. “तुम्ही त्या बाईंच्या मागावर आहात?”

“अहो, ती माझी पत्नी आहे,” भिंगसाहेब ताठ होऊन म्हणाले.

“आणि माझी बहीण,” मेहुणा म्हणाला.

“दोघांची?”

“नाही, यांची बायको. माझी बहीण. एकच बाई.”

“बायकोच्या मागे असं चोरून जातं का कुणी? हाक मारा की.”

आयुष्यभर ज्या स्वरात त्यांनी इतरांची विधाने तपासली, तोच स्वर आज आपल्यावर रोखलेला पाहून भिंगसाहेब गोंधळले. नाइलाजाने त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि हाक मारली, “अगं ए!”

सौभाग्यवतींनी वळून पाहिले नाही. त्यांनी एक पाऊल उचलले.

“ताई!” मेहुणा बेंबीच्या देठापासून ओरडला. मागच्या दोन गाड्यांतल्या लोकांनी माना बाहेर काढल्या. ताईंनी दुसरे पाऊल टेकवले. इतके भोंगे वाजत असता ज्यांची पापणी लवली नव्हती, त्या या दोन हाकांनी विचलित व्हाव्यात असे त्यांत काही नव्हते.

“ओळख दाखवत नाहीत,” पोलीस म्हणाला. “उतरा खाली.”

“उतरतो, पण गाडी?”

“गाडी राहू दे. आधी बाईंनाच विचारू, तुम्ही त्यांचे कोण ते.”

अशा रीतीने पुढे सौभाग्यवती आणि काही अंतरावर तिघे पुरुष, अशी ती मिरवणूक निघाली. धावत जाऊन बाईंना गाठावे, तर पोलीस दोघांना पुढे जाऊ देईना. स्वतः पुढे जावे, तर दोघे पळतील अशी त्याला शंका. तोही संशयात भिंगसाहेबांपेक्षा उणा नव्हता. वाचनालयाच्या इमारतीशी येताच सौभाग्यवती आत शिरल्या आणि जिना चढून वरच्या सभागृहात गेल्या. तिघे मागोमाग पोहोचले, तर दारावर पाटी: “मौन चालू आहे.”

पोलीस दार ठोठावणार इतक्यात ते आतून उघडले. दारात एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. त्या एका रुग्णालयातून निवृत्त झालेल्या मुख्य परिचारिका असून सगळे त्यांना सिस्टर म्हणत. नोकरी सुटली, तरी दुसऱ्याने आपले ऐकावेच लागते ही खात्री सुटलेली नव्हती.

“नवीन?” त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले.

“बाई, मी चौकशीला…” पोलीस बोलू लागला.

“चौकशी नंतर. टोपी काढा. बसा. डोळे मिटा.”

ज्या आवाजाने शेकडो रुग्णांनी निमूट औषध गिळले होते, त्या आवाजाला पोलिसाने टोपी काढली. भिंतीलगत तीन खुर्च्या होत्या. तिघे ओळीने बसले.

भिंगसाहेबांनी डोळे मिटल्यासारखे केले आणि पापण्यांच्या फटीतून पाहणी आरंभली. वीसएक माणसे गोलाकार बसली होती आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एक वस्तू होती. एका गृहस्थांपुढे मोबाइल, एका बाईंपुढे टीव्हीचा रिमोट, एका जाड्या माणसापुढे कचेरीच्या किल्ल्यांचा जुडगा. सौभाग्यवतींनी मान वर न करता पिशवीतून लग्नाचा फोटो काढला आणि समोर उभा केला. मग एक लिफाफा काढून त्यांनी फोटोच्या अर्ध्या भागावर खोचला. वधू झाकली गेली. उरले एकटे, तरुण, भरघोस मिशांचे भिंगसाहेब, छायाचित्रकाराकडे संशयाने पाहणारे.

“अंगातली ताकद म्हणजे सलाइनची बाटली,” सिस्टर म्हणाल्या. “ती भरलेलीच असते. पण नळी कुठे सुटलीय ते बघितलं नाही, तर सगळी गादी भिजते आणि पेशंट कोरडाच राहतो. तुमची नळी कुठे सुटलीय? घरातल्या ज्या वस्तूवर तुमचं सगळ्यात जास्त लक्ष सांडतं, ती पहिल्या दिवसापासून नजरेआड ठेवायला आणि आज इथे आणायला सांगितली होती. एकेकानं बोला. डोळे मिटूनच.”

मोबाइलवाले बोलले, रिमोटवाल्या बाई बोलल्या. मग सौभाग्यवतींची पाळी आली.

“मला वस्तू आणता आली नाही,” त्या म्हणाल्या. “माणूस आहे. हे आमचे मिस्टर.”

गोलात कोणीतरी समजुतीचा सुस्कारा सोडला.

“वाईट नाहीत हो. व्यसन नाही, ओरडत नाहीत. फक्त विचारतात. दार कुणी उघडलं, का उघडलं, उघडलं तर लावलं का नाही. शेजारीण आली तर का आली, नाही आली तर का नाही आली. उत्तर दिलं की त्यातून दुसरा प्रश्न काढतात. इतके दिवस ऑफिस होतं. जगाला विचारून विचारून दमून यायचे आणि उरलंसुरलं मला विचारायचे. तेवढं मी भांडून भागवायचे. आता महिनाअखेरीला रिटायर होतायत. मग सगळं मलाच.”

“अरे बापरे,” पोलीस पुटपुटला. त्याचे डोळे मिटलेलेच होते.

“लेक म्हणते, माझ्याकडे ये. खोली तयार आहे. मी म्हटलं, थांब. आधी ताकद साठवून बघते. म्हणून हे सगळं. भांडायचं नाही, टीव्ही नाही, चालताना चालायचं, वाटाणे सोलताना वाटाणे. महिनाअखेरीपर्यंत पुरेसं साठलं, तर राहीन. नाही साठलं, तर बॅग भरीन. मनातून जावंसं वाटत नाही. सवय झालीय ना त्या चेहऱ्याची. म्हणून रोज संध्याकाळी येते.”

भिंगसाहेब खुर्चीत खिळल्यासारखे बसले होते. आजवर त्यांनी असंख्य नुकसानींची पाहणी केली होती. परंतु कोणाच्या तरी हिशेबी आपणच ती येऊ घातलेली आपत्ती आहोत, हे ऐकण्याचा प्रसंग त्यांच्यावर प्रथमच आला होता. त्यांच्या घशात नेहमीप्रमाणे एक प्रश्न येऊन उभा राहिला, त्यामागे दुसरा, त्याच्या मागे रस्त्यावरच्या वाहनांसारखी लांब रांग. ‘शेजारीण आली तर का आली, असं मी कधी विचारलं?’ हे विचारण्यासाठी त्यांचे ओठ विलगलेदेखील. तेव्हाच त्यांना उमगले, की या रांगेतला कोणताही एक प्रश्न बॅग भरायला पुरेसा ठरेल. आणि तो कोणता, हे आधी कळण्याचा उपाय नाही.

त्यांनी तोंड मिटले.

“डोळे उघडा,” सिस्टर म्हणाल्या. “समोर बघा. बोलायचं नाही.”

सौभाग्यवतींनी डोळे उघडले. समोर फोटोतले भिंगसाहेब होते, आणि थेट त्यांच्या डोक्यावरून पाहिले, तर मागच्या भिंतीलगत, केस विरळ झालेले आणि मिशा गेलेले दुसरे भिंगसाहेब होते. एका बाजूस आपला भाऊ, दुसऱ्या बाजूस पोलीस.

“अहो!”

“मौन!” सिस्टर कडाडल्या.

त्यानंतरचा काळ किती लांबला, हे त्या दोघांनाच ठाऊक. पती-पत्नी एकमेकांकडे टक लावून बसले. सौभाग्यवतींच्या मुद्रेवर एकामागून एक अनेक भाव आले. त्यांतील बहुतेक मेहुण्याने आपल्यावर घेतले आणि तो खुर्चीत खाली खाली सरकत गेला. भिंगसाहेब मात्र हलले नाहीत. ते श्वास घेत राहिले, कारण तेवढीच एक गोष्ट अशी होती जिच्यात प्रश्न येत नव्हता.

वर्ग सुटताच पोलिसाने टोपी चढवली आणि तो सौभाग्यवतींपुढे उभा राहिला. “बाई, हे गृहस्थ तुमचे कोण?”

सौभाग्यवतींनी दीर्घ श्वास घेतला. “ते अजून ठरायचंय.”

“ताई, अगं सांग ना त्यांना!” मेहुणा कळवळून म्हणाला. “गाडी रस्त्यात आहे माझी!”

“या फोटोतलेच आहेत,” त्या म्हणाल्या. पोलिसाने फोटो घेऊन मूळ प्रतीशी बराच वेळ ताडून पाहिला. मिशांबद्दल त्याने शंका काढली. पण ती नजर कायम असल्याने त्याचे समाधान झाले. जाताना त्याने सिस्टरना वर्गाच्या वेळा विचारून घेतल्या. मग तो मेहुण्याला घेऊन खाली गेला आणि खिडकीतून जे ऐकू आले त्यावरून कळले, की मध्येच सोडलेल्या गाडीमागे खोळंबलेल्या रांगेत त्याचे वरिष्ठही होते.

दोघे घरी निघाले. फोटो सौभाग्यवतींच्या हाती होता. तो पुन्हा भिंतीवर जाणार की पिशवीतच राहणार, एवढे कळावे म्हणून भिंगसाहेबांचा जीव तीळतीळ तुटत होता. त्यांनी विचारले नाही.

“किती वेळ बसला होतात तिथे?” शेवटी सौभाग्यवतींनीच विचारले.

“बराच.”

“सगळं ऐकलंत?”

“हो.”

“मग?”

“काही नाही.”

सौभाग्यवतींनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले. पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा पाहिले. “माझ्या मागे गाडी घेऊन आलात, हवालदार घेऊन आलात, आणि आता काही नाही?”

“नाही.”

“रागावलात?”

“नाही.”

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी दार मुद्दाम उघडे ठेवले. भिंगसाहेब त्याच्यापुढून शांतपणे गेले आणि खुर्चीत बसले. मग सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातला नळ वाहता सोडला. पाणी वाहू लागले. बाहेरून काही आवाज आला नाही. “नळ चालू आहे हो!” त्यांनीच ओरडून सांगितले. “हो,” असे उत्तर आले. त्या लगबगीने बाहेर आल्या, पतीच्या कपाळाला हात लावून पाहिला, खुंटीवरच्या सदऱ्याचे खिसे चाचपले, आणि काही न सापडल्याने अधिकच अस्वस्थ झाल्या. इतके दिवस काटकसरीने साठवलेले सगळे त्या एका संध्याकाळी बदाबदा सांडत होते, हे त्यांच्या लक्षातही आले नाही.

“तुमच्या मनात चाललंय तरी काय?”

“श्वास,” भिंगसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

सौभाग्यवती तडक आत गेल्या. डब्याचे झाकण खणकन उघडले आणि थोड्याच वेळात त्यांचा स्वर, पूर्वीचा, भरल्या घराचा स्वर, बाहेर ऐकू येऊ लागला.

“हॅलो, मी बोलतेय. खोली बिली काही आवरू नकोस. नाही येत मी… अगं, कसली ताकद घेऊन बसलीस! इथे यांचं काहीतरी वेगळंच चाललंय. विचारत नाहीयेत काही… काही म्हणजे काहीच नाही! दार उघडं, नळ चालू, आणि हे आपले बसलेत हातावर हात ठेवून… छे, आजारी कसले? ताप नाहीये. काहीतरी ठरवलंय त्यांनी मनाशी, सांगते तुला. अशा माणसाला एकटं टाकून यायचं होय? पहिल्या तारखेपासून घरीच असणार, तेच बरं. डोळ्यांसमोर तरी राहतील.”

बाहेरच्या खोलीत भिंगसाहेबांनी यातले अक्षर न् अक्षर ऐकले. त्यांच्या जिभेवर एकदम इतके प्रश्न आले, की डोळे पाण्याने भरले. त्यांनी ते मिटून घेतले, खोल श्वास घेतला, आणि अगदी सावकाश सोडला.

“अहो!” आतून लगेच आवाज आला. “काय करताय तिथे?”

“काही नाही,” भिंगसाहेब म्हणाले, आणि परम समाधानाने त्यांनी दुसरा श्वास घेतला.